साठ फुटांवरून खाली

सलाइनच्या बाटलीखाली उभं राहू नका, असं मला आयुष्यात एकाच माणसाने सांगितलं आहे. सांगितलं म्हणजे ओरडून सांगितलं. दुर्गच्या हॉस्पिटलात, मेल वॉर्डात, एका आजोबांच्या उशाशी मी सलाइनचे थेंब मोजत उभी होते. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाहून आवाज आला, "ए पोरी, लोडखालून बाजूले हो." मी बाजूला झाले. आजोबाही बिचारे उठायला लागले, कारण बाटलीखाली तर तेही होते.

हे ओरडणारे गृहस्थ माझ्या वर्गात होते. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आम्ही सगळ्या अठरा-एकोणीसच्या पोरी, मिसरूड फुटलेले दोन-तीन मुलगे, आणि हे. वयाची पस्तिशीची अट संपायला चार महिने उरले असताना त्यांनी फॉर्म भरला होता, आणि दिसायला त्याहून दहा वर्षांनी मोठे दिसायचे. पहिल्या दिवशी ट्यूटर मॅडमनी त्यांना कोणाचा तरी बाप समजून "पेरेंट्स बाहर बैठिए" म्हटलं. दुसरा कोणी असता तर सांगून मोकळा झाला असता की बाई, मी विद्यार्थी आहे. हे उठले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. तीन तास बसले. मधल्या सुट्टीत मी विचारलं, "काका, तुमची मुलगी कोणती?"

"मुलगी नाई बाप्पा, मीच आहो," ते म्हणाले. "पण मॅडमनं बाहेर म्हटलं, तं दुसरी ऑर्डर येईस्तोवर बसून राहिलो."

तेव्हापासून ते सगळ्या वर्गाचे काका झाले. पुढे ट्यूटर मॅडमसुद्धा त्यांना काकाच म्हणायला लागल्या, आणि त्या त्यांच्यापेक्षा मोठ्या होत्या.

काका त्याआधी अकरा वर्षं पोलादाच्या प्लांटमधे होते. भिलाईत प्लांट म्हटलं की कोणता, असं कोणी विचारत नाही. ठेकेदाराच्या हाताखाली ते क्रेन चालवायचे. रस्त्यावरची क्रेन नव्हे. शॉपच्या, म्हणजे प्लांटमधल्या मोठ्या शेडच्या, छताखाली रुळांवरून इकडून तिकडे जाणारी, आणि तिला लटकलेल्या केबिनमधे साठ फूट उंचावर बसलेले हे. खाली काय ओझं, म्हणजे लोड, असेल ते उचलायचं, सांगितलं तिथे ठेवायचं. असा माणूस नर्स व्हायला का आला, याची त्यांनी प्रत्येकाला वेगळी कारणं सांगितली होती. प्रिन्सिपॉलना म्हणाले सेवा करायची आहे. मुलग्यांना म्हणाले गुडघे दुखतात, शिडी चढवत नाही. मला म्हणाले, "कॅन्टीन चांगली आहे म्हणून आलो." आमची कॅन्टीन भयंकर होती.

आता मी काही त्यांची भक्त वगैरे नव्हते. उलट मला त्यांचा वैताग होता. मुळात मला नर्सिंगला यायचंच नव्हतं. हुडको कॉलनीत आमचं घर, बाबा प्लांटच्या ऑफिसात क्लार्क. त्यांनी फॉर्म आणला, मी रडले, आईने साबुदाण्याची खिचडी केली आणि विषय संपला. त्यात आडनावाच्या नशिबाने काकांचा रोल नंबर बरोबर माझ्या आधीचा. म्हणजे वॉर्डात जोडी त्यांच्याशी, प्रॅक्टिकलला त्यांच्याशी, बेड घालायला चादरीचं दुसरं टोक धरून समोर तेच. पायात पोलादी टोकाचे सेफ्टी शूज. पांढऱ्या युनिफॉर्मखाली ते काळे बूट घालून वॉर्डात आले की झोपलेले पेशंट जागे व्हायचे.

आवाजाचं तर विचारू नका. प्लांटच्या गडगडाटात अकरा वर्षं काढलेला माणूस, हळू बोलणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. एकदा एका लाजऱ्या पेशंटच्या कानाशी वाकून, अगदी खासगीत, त्यांनी विचारलं, "लघवी झाली का?" सहा बेडवरून उत्तरं आली. समोरच्या स्टोअररूमच्या बाईंनीही, झाली, म्हणून सांगितलं असं मुलगे म्हणतात. मी ते ऐकलेलं नाही.

क्रेन हलवायच्या आधी भोंगा वाजवायचा असतो. म्हणून काकांनी आपल्या सायकलची घंटी काढून स्ट्रेचरला बसवली. दोन दिवस कॉरिडॉरमधे ट्रिंग ट्रिंग करत पेशंट एक्सरेला गेले. तिसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर मोबाइलवर बोलत चालले होते, मागून घंटी वाजली, आणि ते लहानपणीच्या सवयीने टुणकन उडी मारून भिंतीला चिकटले. घंटी जप्त झाली. मग काका तोंडाने वाजवायला लागले. मॅडम म्हणाल्या, "काका, ये हॉस्पिटल है." काका म्हणाले, "इसलिए तो धीरे बजा रहा हूँ."

आणि त्यांच्या नोंदी. वॉर्डाच्या वहीत पेशंटची स्थिती लिहायची असते. काकांना शिफ्टचं लॉगबुक लिहायची सवय. त्यांच्या मोडक्या इंग्रजीचं मराठी केलं तर असं व्हायचं : "बेड चार. मागच्या पाळीकडून पेशंट चालू स्थितीत मिळाला. गळती नाही. तापमान ठीक. रात्री आवाज करत होता, सकाळपासून बंद." हे वाचून मॅडम पळत बेड चारकडे गेल्या होत्या. बेड चार पोहे खात होता. बंद झालेला त्याचा खोकला होता.

मला सगळ्यात जास्त राग यायचा तो त्यांना माझा चेहरा लक्षात राहत नसे याचा. चार महिने रोज समोरासमोर उभे राहून चादरी घालतोय, आणि एक दिवस मी पिवळ्या क्लिपऐवजी पांढरी क्लिप लावून गेले तर हे गृहस्थ ताठ उभे राहून म्हणाले, "गुड मॉर्निंग साहेब." मी म्हटलं, "काका, मी आहे. डोळे फुटले का?"

ते खजील झाले. मग कॅन्टीनमधे समोसा मागवून त्यांनी खरं कारण सांगितलं. माझ्या मते तेच खरं होतं, कारण ते सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला होता.

"पोरी, वरून माणूस कसा दिसते माहीत आहे का तुले? टोपी दिसते. पांढरी टोपी म्हणजे साहेब, पिवळी टोपी म्हणजे आपल्यासारखा. अकरा वर्षं मी टोप्याच पाह्यल्या. माझा खलाशी होता खाली, सहा वर्षं त्याच्या हाताकडे पाहून काम केलं. एक दिवस गेटवर चहाच्या टपरीवर बाजूले एक माणूस उभा होता, मी त्याले माचिस मागितली, त्यानं देल्ली. दुसऱ्या दिवशी समजलं का थोच माझा खलाशी होता, आन रिटायर झाला. मी ओळखलंच नाई." समोशाचा तुकडा त्यांनी बराच वेळ चटणीत फिरवला. "म्हटलं, आता खाली उतराव लागते. आन असं काम पाहाव लागते जिथं माणूस तोंडासमोर राहीन."

प्लांटमधला खलाशी जहाजावरचा नसतो. तो क्रेनखाली उभा राहून ओझं बांधतो आणि वरच्या माणसाला हाताने खुणा करतो. तर्जनी जमिनीकडे करून गोल फिरवली की खाली. आभाळाकडे फिरवली की वर. पंजा आडवा धरला की थांब. काकांनी हे सगळं मला त्याच समोशावर शिकवलं. मी बोट फिरवलं की समोसा चटणीत उतरायचा. दोन नियमही सांगितले. खाली-वरची खूण एकट्या खलाशाचीच ऐकायची, दुसऱ्या कोणाची नाही, मग तो जनरल मॅनेजर का असेना. पण थांबायची खूण मात्र कोणीही केली, झाडूवाल्यानेही केली, तरी जागच्या जागी थांबायचं.

हा दुसरा नियम ते वॉर्डातही पाळायचे हे मला नंतर लक्षात आलं. एकदा एका पेशंटला डाळ भरवत होते. खिडकीपाशी कोणाच्या तरी बायकोने बाहेरच्या नवऱ्याला, पुरे, आता केळी नको, असा हात केला. काकांचा चमचा हवेत थांबला. पेशंट बिचारा आ वासून बसलेला. मी धावत जाऊन चमचा हातातून घेतला तेव्हा कुठे त्याच्या तोंडात डाळ पडली.

हसत होतो आम्ही खूप. पण इंजेक्शनची वेळ आली आणि हसणं थांबलं.

संत्र्याला इंजेक्शन देण्यात काका वर्गात पहिले होते. हात असा स्थिर की बघत राहावं. मग दंडाचा रबरी पुतळा आला. काकांनी सिरिंज भरली, हवा काढली, कापसाने पुसलं, सुई दंडापासून बोटभर अंतरावर आणली, आणि थांबले. मॅडम म्हणाल्या, डालिए. काका थांबलेले. मॅडम म्हणाल्या, चलिए काका, डालिए. काकांच्या कपाळावर घाम, आणि हात जिथल्या तिथे. खऱ्या पेशंटवर तर बोलायलाच नको. तीन आठवडे असंच. सुई दंडाजवळ येऊन थांबायची, आणि मॅडम सिरिंज काढून घ्यायच्या.

"कावून होते असं?" मी विचारलं. वैतागूनच विचारलं, कारण त्यांचे पेशंट माझ्या वाट्याला येत होते.

"मॅडम तोंडानं सांगतात," काका म्हणाले. "तोंडी ऑर्डरवर लोड हालत नाई पोरी. संत्र्याले काही होत नाई. पण खाली माणूस आहे आन खूण नाई, तं हात पुढं जातच नाई. अकरा वर्षं ह्याच हाताले मी तेच शिकवलं."

दुसऱ्या दिवशी पुतळ्यापुढे ते असेच अडकले असताना मी समोर जाऊन उभी राहिले आणि काही न बोलता तर्जनी जमिनीकडे करून हळूहळू गोल फिरवली. सुई गेली. लोण्यात सुरी जावी तशी. मी पंजा आडवा केला, थांबली. औषध त्यांनी आपलं आपण दाबलं. मी बोट वर फिरवलं, सुई बाहेर. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझाच राग आला. कारण नसताना माझ्या डोळ्यांत पाणी.

तेव्हापासून मी त्यांची खलाशी. "ए खलाशी, चाल" म्हटलं की मी चालायची. पंधरा-वीस पेशंट आम्ही असे उरकले. एकालाही दुखलं नाही. मग एक दिवस मॅडमनी पाहिलं. "तू हाथ क्यों नचा रही है?" मी म्हटलं, मॅडम, माशी. मॅडम म्हणाल्या, परीक्षेत प्रत्येक जण एकटा असतो, माशी परीक्षा देत नाही.

आणि परीक्षा काकांना एकदाच देता येणार होती. कॉलेजने दुसरी संधी दिली असती. काकूंनी दिली नसती. काकू रेल्वेत होत्या. चरोद्याचं क्वार्टर त्यांच्या नावावर, घर त्यांच्या जिवावर. त्यांनी सरळ सांगितलं होतं, "एक साल. पास झाले तं पुढचे दोन सालही पोसते. नापास झाले तं टोपी घालायची आन वर जाऊन बसायचं." ठेकेदाराने जागा वर्षभर राखून ठेवली होती. काकांची पिवळी टोपी दाराजवळच्या खिळ्याला लटकवलेली होती आणि काकू ती दर रविवारी पुसायच्या. "धूळ बसू देत नाई थे," काका म्हणायचे, "मी नापास होईन असं तिले पक्कं वाटते." हे सांगून ते हसायचे, पण लोकलची वेळ झाली तरी बाकावरून उठायचे नाहीत.

परीक्षेच्या दिवशी रायपूरहून परीक्षक मॅडम आल्या. चिठ्ठी उचलायची, जे निघेल ते करायचं. आम्ही ठरवून ठेवलं होतं : पुढचा नंबर माझा, म्हणून मी पेशंटच्या पायाशी भिंतीला टेकून उभी राहणार आणि जमेल तेवढं बोट फिरवणार. काकांनी चिठ्ठी उचलली. इंजेक्शन, दंडात, बेड अकरा. यात नवल काही नाही, नशीब त्यांचं नेहमी तसंच असायचं.

बेड अकरावर पायात खिळा घुसलेला एक म्हातारा होता. दोन दिवसांत कोणाशी धड बोलला नव्हता, भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. काका गेले, बूट वाजवत. मी भिंतीशी उभी राहिले. आणि परीक्षक मॅडमनी सांगितलं, "स्क्रीन लगाइए, प्रायव्हसी." आयाबाईंनी हिरव्या कापडाचा पडदा आणून बेडभोवती उभा केला. झालं. माझं बोट इकडे, काका तिकडे.

दोन पडद्यांच्या मधे चार बोटं फट होती. त्यातून मी पाहत होते. काकांनी पेशंटचं नाव विचारलं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. हात धुतले, सिरिंज भरली, दंड पुसला. सुई बोटभर अंतरावर आली. मला वाटलं आज जाईल, आज नुसत्या जिद्दीने जाईल. हात थोडा पुढे सरकलाही. तेवढ्यात परीक्षक मॅडमचा फोन वाजला आणि पडदा सारून कोणी तरी आत डोकावलं, त्याला त्यांनी पंजा आडवा करून थांबवलं.

काका थांबले.

मी डोळे मिटले. मनात त्यांना इतक्या शिव्या दिल्या की आईने ऐकल्या असत्या तर जेवायला वाढलं नसतं. डोळे उघडले तर सुई तिथेच, मॅडमचा फोन संपलेला, आणि त्या म्हणत होत्या, "प्रोसीड." काका ढिम्म. मॅडमनी पेन उघडलं. मला काकूंच्या दाराजवळची पिवळी टोपी दिसायला लागली.

मग म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडून वळवलं. आधी हवेत थांबलेल्या सुईकडे पाहिलं, मग काकांच्या बुटांकडे, मग त्यांच्या तोंडाकडे. "कोन शॉप मा रहे?" त्याने विचारलं. कोणत्या शॉपमधे होतास?

"क्रेन," काका म्हणाले.

"मैं खलासी रहेंव," म्हातारा म्हणाला.

आणि त्याने मोकळा उजवा हात चादरीतून बाहेर काढला, तर्जनी जमिनीकडे केली आणि हळूहळू गोल फिरवली. मी फिरवायची ते नुसतं बोट होतं हो. त्याने फिरवलं तेव्हा ती खरी खूण होती, संथ, कुठेही घाई नाही. सुई गेली. म्हाताऱ्याने पंजा आडवा केला. काकांनी औषध दाबलं. बोट वर गेलं, सुई बाहेर. मग त्याने हात चादरीत घेतला आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

परीक्षक मॅडमनी विचारलं, "ये क्या था?"

काकांनी घाम पुसला. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं त्यांना वेळेवर काही तरी सुचलं. "मॅडम, पेशंट की सहमति ली," ते म्हणाले. "सहमति के बिना हम हाथ नहीं लगाते."

मॅडमनी लिहिलं. नंतर कळलं की सहमतीचे पैकीच्या पैकी गुण मिळालेले वर्गात काका एकटेच होते. आम्ही बाकीच्यांनी पेशंटला विचारलंच नव्हतं. मी तर त्यानंतर बेड बारावर इतक्या हसऱ्या तोंडाने गेले की पेशंटनेच मला विचारलं, बाई, तुम्हाला बरं आहे ना.

त्या दुपारी काका बेड अकरापाशी स्टूल घेऊन बसले होते. म्हातारा झोपलेला होता. "चाला काका, लोकल जाईल," मी म्हटलं. ते उठले नाहीत. "पाहू दे," म्हणाले, या खेपेला खरंच हळू. "नीट पाहून घेतो. मंग रस्त्यात भेटला तं ओळखता आला पाहिजे."

निकाल लागला त्या रविवारी त्यांनी मला चरोद्याला जेवायला नेलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. काकांनी मोबाइल पुढे केला. काकूंनी गुण वाचले, पुन्हा वाचले, मोबाइल माझ्याकडे देऊन खरे आहेत का विचारलं. मी हो म्हटलं. मग त्या दाराजवळ गेल्या, खिळ्यावरून टोपी काढली, पदराने आतून बाहेरून पुसली. काका टोपीकडे बघत उभे. मलाही क्षणभर वाटलं की या बाईंचा काही नेम नाही. काकूंनी टोपी उलटी करून ओट्यावर ठेवली आणि पिशवीतले कांदे तिच्यात ओतले.

 काका तिथेच खोलीच्या मधोमध उभे, सेफ्टी शूज घालून, हात लोंबकळत. बसा म्हटलं तरी बसेनात. तोंडी ऑर्डर ना ती.

"हे असेच आहेत," काकू मला म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात भांडण. मग त्या नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, तर्जनी जमिनीकडे केली आणि गोल फिरवली. काकांनी बूट काढले आणि मुकाट्याने खाली पाटावर बसले.